वजन टेकते कुठे? कमोड, बेसिन आणि टब यांच्या वाहतुकीविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच तक्रारीची होती: स्नानगृहाचे जड सामान वाटेत किंवा साठवणीत तडकले, आणि ते नेमके कशामुळे तडकले हे कोणालाच सांगता येईना. म्हणून या वेळचे सदर त्या विषयालाच दिले आहे. पत्रलेखकांची नावे व गावे गाळली आहेत, काही पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : एकसंध कमोड मालट्रकने घरी आला. खोका बाहेरून जसाच्या तसा होता, कुठे चेपलेला नव्हता की फाटलेला नव्हता. बसवल्यानंतर दुसऱ्याच दिवशी बुडाशी पाणी दिसले आणि तळाच्या कडेला केसासारखी चीर सापडली. खोक्याला काहीच झालेले नसताना आतली वस्तू तडकते ती कशी?

उत्तर : खोका शाबूत आणि वस्तू तडकलेली, हा प्रकार आपल्याला वाटतो त्यापेक्षा पुष्कळ वेळा घडतो, आणि त्याचे कारण वस्तूच्या घडणीतच आहे. कमोड आणि बेसिन ज्या चिनी मातीचे असतात ती सुमारे १,२०० अंश सेल्सिअसला किंवा त्याहूनही थोड्या अधिक तापमानाला भाजलेली असते. भाजल्यावर ती इतकी घट्ट होते की तिच्यात मुरणारे पाणी तिच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आत राहते. दाब सोसण्यात ही माती फार पक्की असते, ताण सोसण्यात मात्र तितकीच कच्ची असते. लोखंडी पत्रा वाकतो, प्लास्टिक दबून पुन्हा वर येते. चिनी माती यांपैकी काहीच करू शकत नाही. एखाद्या जागी ताण असह्य झाला की तिथल्या बारीकशा खोटीपासून चीर निघते आणि पुढच्या प्रत्येक हादऱ्यासरशी ती थोडी थोडी पुढे सरकत राहते. त्यामुळे धक्का पहिल्या दिवशी बसलेला असतो आणि पाणी झिरपू लागते ते कितीतरी दिवसांनी.

एकसंध कमोडचे वजन साधारण ३५ ते ५० किलो भरते आणि ते सगळे वजन बुडाच्या जेमतेम बोटभर रुंद कडेवर पेललेले असते. ती कडा सपाट, मऊ आणि अखंड पृष्ठभागावर टेकलेली असेल तर काळजी नसते. तिच्याखाली एक खडा आला, तरी सगळे गणित बदलते. मी स्वतः एकदा पॅलेटवरून, म्हणजे माल रचण्याच्या फळ्यांच्या लाकडी चौकटीवरून, उतरवलेला बेसिनचा खांब तपासत होतो. त्याच्या बुडाचा शिंपल्याच्या आकाराचा टवका उडाला होता आणि तिथून वर बोटभर चीर गेली होती. पॅलेटची फळी पाहिली तेव्हा बरोबर त्याच जागी एका खिळ्याचे डोके फळीच्या दोन-तीन मिलिमीटर वर उभे होते. खोक्याच्या तळाला त्या डोक्याएवढे वाटोळे भोक पडले होते, पण खोका त्याच्यावरच बसलेला असल्यामुळे प्रवासभर ते कोणाच्या नजरेस पडणे शक्यच नव्हते. तेव्हापासून मी पॅलेटवर माल चढवण्यापूर्वी त्याच्या फळ्यांवरून हात फिरवतो, आणि फळ्यांवर एक अखंड प्लायवुडचा तुकडा टाकल्याशिवाय चिनी मातीची वस्तू ठेवू देत नाही.

दुसरे कारण आपटण्याचे. खोका ३० सेंटिमीटर उंचीवरून, म्हणजे गुडघ्याच्याही खालून हातातून निसटला असे समजू. आतल्या वस्तूला थांबायला फक्त ३ मिलिमीटर अंतर मिळाले, तर तिच्यावर येणारे सरासरी बल तिच्या वजनाच्या सुमारे शंभरपट होते. ४० किलोच्या कमोडच्या बाबतीत याचा अर्थ चार टन असा होतो. तेच थांबणे खालच्या गादीमुळे ३० मिलिमीटरमध्ये झाले, तर बल दहापटीवर, म्हणजे ४०० किलोवर येते. पुठ्ठ्याचा खोका ३० सेंटिमीटरवरून सपाट पडला तर त्याच्यावर खूणसुद्धा उमटत नाही, आणि आतल्या मातीच्या भांड्याच्या वाट्याला मात्र पूर्ण आघात येतो.

आपल्या बाबतीत आणखी एक शक्यता मी सांगितली पाहिजे. बुडाचे बोल्ट एका बाजूने फार आवळले गेले, किंवा फरशी ओबडधोबड असताना खाली आधार न भरताच कमोड आवळून बसवला, तरीही नेमकी अशीच चीर पडते. चीर बोल्टच्या भोकापासून निघालेली असेल तर संशय बसवण्यावर घ्यावा. ती भोकापासून दूर, टवका उडालेल्या कडेपासून निघाली असेल तर वाहतुकीवर.

प्रश्न : दोन बेसिने, एक कमोड आणि त्याची वेगळी टाकी असे सामान पुन्हा बांधून दूर पाठवायचे आहे. बबल रॅपचे पाच-सहा थर गुंडाळले तर पुरेल का? थर्माकोल घ्यावा की फोम?

उत्तर : बबल रॅप ओरखड्यांपासून वाचवतो, वजन पेलणे हे त्याचे काम नाही. वीस-पंचवीस किलोची वस्तू त्यावर ठेवली की खालचे फुगे काही फुटतात, काहींतली हवा हळूहळू निघून जाते, आणि दोन-चार दिवसांच्या प्रवासानंतर पाच थरांची जाडी एका पातळ प्लास्टिकएवढी उरते. म्हणून तो अंगाला गुंडाळावा, बुडाखाली मात्र त्याच्या भरवशावर राहू नये.

गादी निवडताना आपली समजूत नेहमी मऊपणाकडे झुकते, आणि इथेच चूक होते. फार मऊ फोम जड वस्तूखाली इतका चेपला जातो की धक्का बसायच्या वेळी त्याच्यात दबायला जागाच शिल्लक नसते. उलट फार टणक गादी मुळीच दबत नाही आणि धक्का जसाच्या तसा वस्तूकडे पोचवते. हवी असते ती नुसत्या वजनाने थोडीच दबणारी आणि आपटल्यावर आणखी बरीच दबू शकणारी गादी. त्यासाठी मी एक साधी पद्धत वापरतो: फोमच्या तुकड्यावर वस्तू ठेवून अर्धा तास थांबायचे आणि मग पट्टीने जाडी मोजायची. मूळ जाडीचा तिसरा हिस्सा जरी गेला असेल तरी फोम अधिक दाट घ्यायचा किंवा त्याचे क्षेत्र वाढवायचे. हे क्षेत्र वाढवणे फार उपयोगी पडते, कारण प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर येणारे वजन त्यामुळे कमी होते. थर्माकोल सपाट, रुंद ठोकळ्यांच्या रूपात चांगला चालतो, पण एकदा दाबला गेलेला थर्माकोल पूर्वीच्या जाडीला परत येत नाही. लांबच्या प्रवासात धक्के अनेक बसतात, त्यामुळे बुडाखाली दाट पॉलिथिन फोम आणि बाजूंना थर्माकोल ही जोडणी मला अधिक खात्रीची वाटते. पेंढा आणि वर्तमानपत्रे शक्यतो टाळावीत. पेंढा दमट होऊन दबतो, आणि ज्या भागावर झिलई नसते त्या भागात शाईचा डाग मुरतो.

खोका निदान पाच थरी, कमोडसाठी सात थरी पुठ्ठ्याचा असावा आणि वस्तू व खोक्याची भिंत यांमध्ये सर्व बाजूंनी सुमारे ५ सेंटिमीटर भरीव गादी असावी. बांधून झाल्यावर खोका दोघांनी धरून हलकेच हलवावा. आत काही सरकल्याचे जाणवले तर खोका पुन्हा उघडावा, कारण घरात हळू सरकणारी वस्तू रस्त्यावर आपटत जाते.

टाकी कमोडला जोडलेली ठेवून कधीही पाठवू नये. जोडणीच्या दोन-तीन बोल्टांच्या भोकांवर टाकीचे सगळे हेलकावे येतात आणि तडा तिथेच जातो. टाकीचे झाकण आडवे ठेवू नये. काचेच्या तावदानासारखे ते उभ्या कडेवर ठेवावे, कारण आडव्या झाकणाच्या मधोमध भार आला की ते पट्टीसारखे मोडते. आणि बेसिनच्या खोलगट भागात नळ, सायफन, कोपऱ्याचे व्हॉल्व्ह यांची पिशवी भरून जागा वाचवण्याचा मोह कृपा करून आवरावा. आतून फुटलेली जी बेसिने मी पाहिली आहेत, त्यांतली अनेक अशाच एखाद्या पितळी नळाने फोडलेली होती.

खोक्यावर काढण्याच्या खुणा आयएसओ ७८० या आंतरराष्ट्रीय मानकात ठरलेल्या आहेत: पेला म्हणजे नाजूक माल, वर जाणारे दोन बाण म्हणजे ही बाजू वर, छत्री म्हणजे ओल लागू देऊ नये. त्या चारही बाजूंना अवश्य काढाव्यात. तरीही खोका कोणीतरी एकदा आडवा टाकणारच असे धरूनच आतली बांधणी करावी, इतके मी आग्रहाने सांगेन.

प्रश्न : बिडाचा जुना, एनॅमल केलेला टब दुसऱ्या मजल्यावरून उतरवून दुसऱ्या शहरात न्यायचा आहे. चार माणसे पुरतील का? टब लोखंडी असल्यामुळे फुटण्याची भीती नाही, असे काम करणारे म्हणतात.

उत्तर : त्यांचे म्हणणे दोन बाबतींत चुकीचे आहे. टबाच्या आतला पांढरा थर हा बिडावर वितळवून चढवलेली काचच असते. एखादा पाना त्यावर पडला तरी टवका उडतो, आणि टवक्याखालचे लोखंड गंजू लागले की गंज कडेकडेने एनॅमलखाली शिरतो. शिवाय बीड स्वतःही ठिसूळ असते. टब चार पायांवर उभा ठेवून ओढला तर पाय बसवण्याचे कान मोडतात, आणि ते डागून जोडणे हे कसबी माणसाचेच काम आहे. म्हणून पाय, निचऱ्याची जोडणी आणि ओव्हरफ्लोची नळी आधी काढून वेगळी बांधावी.

माणसांविषयी. पूर्ण लांबीचा बिडाचा टब साधारण १२० ते १८० किलोंचा असतो. आपला टब १६० किलोंचा धरला आणि तो चौघांनी उचलला, तर सपाट जमिनीवर प्रत्येकाच्या वाट्याला ४० किलो येतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने हाताने वाहून न्यायच्या वजनाची कमाल मर्यादा ५५ किलो धरलेली आहे. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेचे उचलण्याचे जे समीकरण जगभर वापरले जाते, ते तर अगदी आदर्श स्थितीतही २३ किलोंपासूनच हिशेब सुरू करते. वस्तू अंगापासून दूर धरावी लागते, कंबर वळवावी लागते, पकड घसरते, तसतशी ती मर्यादा आणखी खाली येते. जिन्यात तर चौघांची वाटणी सारखी राहतच नाही. टब तिरका होताच भार खालच्या दोघांकडे सरकतो, आणि त्यांना पायाखालची पायरीही दिसत नसते. चार माणसे पुरतील का, या प्रश्नाला माझे उत्तर म्हणूनच नाही असे आहे. सहा माणसे लावली तरी जिन्यात सहा जणांना उभे राहायला जागा नसते. उपाय उचलण्यात नाही, सरकवण्यात आहे. टबाला जाड गोधडीत गुंडाळून फळ्यांच्या घसरगाडीला पक्के बांधावे, जिन्यावर दोन लांब फळ्या टाकाव्यात, वरच्या बाजूने दोर एखाद्या भक्कम आधाराला एक वेढा देऊन हळूहळू सैल सोडावा, आणि टब उतरत असताना त्याच्या खालच्या बाजूला एकही माणूस उभा राहू देऊ नये. शेवटची अट मोडली गेल्यामुळे माणसे जायबंदी झाली आहेत, म्हणून तिच्याबाबत तडजोड नको.

गाडीत टब कडेवर उभा करू नये. त्याच्या बुडाच्या वळणाबरहुकूम कापलेल्या दोन आडव्या लाकडी पाळण्यांत, मध्ये रबर किंवा दाट फोम घालून तो बसवावा, आणि पाळणे गाडीच्या पुढच्या भिंतीला भिडवावेत. गाडी जोरात थांबते तेव्हा काय होते याचा अंदाज असावा म्हणून एक आकडा देतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटना, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा युरोपविषयक आर्थिक आयोग यांच्या २०१४ च्या मालबांधणी संहितेत, रस्त्यावरच्या मालाला पुढच्या दिशेने त्याच्या वजनाच्या आठ-दशांश आणि बाजूंना व मागे निम्मे बल लागेल असे धरून बांधणी करायला सांगितले आहे. १६० किलोंचा टब ब्रेक लागताच १२८ किलोंच्या जोराने पुढे जाऊ पाहतो. नुसत्या वजनामुळे तो जागेवर राहील, ही समजूत रस्त्यावर टिकत नाही. पाळण्यांखाली घर्षण वाढवणारी रबरी चटई घालावी आणि रॅचेटचे, म्हणजे दांडा मागेपुढे करून आवळायचे, पट्टे पाळण्यांच्या लाकडावरून घ्यावेत. पट्टा टबाच्या काठावरून घेणे अगदीच अपरिहार्य असेल तर खाली लाकडी कोन ठेवावा. आवळलेला पट्टा काठाच्या एकाच रेषेवर दाब देतो आणि एनॅमल तिथूनच उडते.

प्रश्न : घराचे बांधकाम रखडल्यामुळे आठ कमोड, दहा बेसिने आणि दोन टब आठ-दहा महिने ठेवावे लागणार आहेत. वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत थप्प्या लावल्या तर चालेल का?

उत्तर : आधी फरशीचा हिशेब करावा. राहत्या घराची फरशी साधारणपणे दर चौरस मीटरला दीड ते दोन किलोन्यूटन, म्हणजे १५० ते २०० किलो भार धरून आखलेली असते. १६० किलोंच्या टबाचा क्रेट १.७ मीटर लांब आणि ०.८ मीटर रुंद असेल तर तो सुमारे १.३६ चौरस मीटर जागा व्यापतो, आणि दर चौरस मीटरला ११८ किलो भार देतो. एक टब चालेल. त्याच्यावर दुसरा चढवला की आकडा २३५ वर जातो, आणि तो चढवू नये. कमोडचे खोके तर दर चौरस मीटरला टबापेक्षाही अधिक भार देतात, त्यामुळे त्यांची एकच रांग, भिंतीच्या बाजूला पण थोडे अंतर सोडून, तुळईच्या जवळ ठेवावी. तळमजला मोकळा असेल तर सगळा माल तळमजल्यावरच बरा.

थप्पी उभी राहते ती पुठ्ठ्याच्या जोरावर, आणि पुठ्ठा दोन गोष्टींनी खचतो: ओल आणि काळ. फार दमट हवेत पुठ्ठ्याची भार पेलण्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. हवा कोरडी असली तरी सतत भाराखाली राहिलेला खोका महिन्यामागून महिने हळूहळू बसत जातो, म्हणून पहिल्या दिवशी ताठ दिसणारी थप्पी चौथ्या महिन्यात झुकते. खोक्याचा बराचसा जोर त्याच्या चार कोपऱ्यांत असतो. कोपऱ्यावर कोपरा बरोबर आला पाहिजे; विटांसारखे सांधे मोडून रचलेले खोके दिसायला पक्के वाटतात, पण त्यात वरच्या खोक्याचा कोपरा खालच्याच्या मऊ मध्यावर येतो. खोका पॅलेटच्या कडेबाहेर दोन बोटेही लोंबकळत राहू देऊ नये. आठ-दहा महिन्यांसाठी कमोडवर कमोड न ठेवणेच मी पसंत करीन, आणि जागेअभावी ठेवावेच लागले तर दोन थरांमध्ये प्लायवुड घालून दोनावर थांबेन. बेसिने पुस्तकांसारखी मागच्या कडेवर उभी, मध्ये लाकडी पट्ट्या देऊन ठेवावीत. बेसिनचे खांब बुडावर मोकळे उभे करू नयेत. एक कलंडला की शेजारचे सगळे घेऊन पडतो.

जमिनीपासून सुमारे १० सेंटिमीटर उंची आणि भिंतीपासून हातभर अंतर असले की ओल चढत नाही आणि हवा खेळते. प्लास्टिक पूर्ण लपेटून बंद करू नये, कारण रात्रीच्या गारठ्यात आतली वाफ खोक्यावरच पाण्याच्या रूपाने जमते. ॲक्रिलिकचे टब पत्र्याच्या छपराखाली ठेवू नयेत: उष्णतेत आणि भाराखाली दीर्घकाळ राहिल्यास ॲक्रिलिक वाकते, आणि वाकलेला टब पुन्हा सपाट बसत नाही. त्यावरची संरक्षक फिल्म शेवटपर्यंत राहू द्यावी, मात्र तिच्यावर ऊन येऊ देऊ नये, नाहीतर गोंद भाजून टबाला चिकटतो. कमोडच्या बुडाखाली बसणारी मेणाची रिंग आणि रबरी गास्केटे वेगळ्या डब्यात, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवावीत.

यांतला एखादा कमोड पूर्वी वापरलेला असेल तर त्याच्या वाकड्या नळीत पाणी उरलेले असते, आणि नव्या कमोडमध्येही कारखान्यातल्या चाचणीचे पाणी कधीकधी राहते. जिथे तापमान शून्याखाली जाते तिथे हे पाणी गोठून सुमारे ९ टक्क्यांनी फुगते आणि आतून कमोड फोडते. ठेवण्यापूर्वी तो दोघांनी धरून पालथा करावा, पूर्ण निथळू द्यावा, उरलेले पाणी कापडाने टिपून घ्यावे.

एक कळकळीची विनंती: बांधकाम चालू असलेल्या जागी टब उघडा ठेवू नका. उघडा टब दिसला की त्यात थापी, घमेले, सिमेंटची अर्धी पोती जाऊन पडतात, आणि वाळलेले सिमेंट खरवडताना जे ओरखडे उठतात ते पुन्हा जात नाहीत. त्यावर प्लायवुडचे झाकण स्क्रूने बसवून टाकावे.

प्रश्न : नळ आणि जोडणीचे पितळी भाग वर्षभर साफसफाईच्या सामानाच्या खोलीत बंद डब्यांत होते. काढून पाहिले तर दोन नळांच्या मानेला न वापरताच चिरा पडलेल्या आढळल्या. हे निर्मितीतील दोष समजावेत का?

उत्तर : दोष असू शकतो, पण माझा पहिला संशय त्या खोलीतल्या अमोनियावर आहे. ओतताना, दाबताना किंवा आटे आवळताना पितळात आतल्या आत ताण राहून गेलेला असतो. दमट हवा आणि अमोनियाची वाफ एकत्र मिळाली की अशा पितळाला, कोणताही आघात न होता, चिरा पडतात. ब्रिटिश हिंदुस्थानातील लष्कराची पितळी काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली जात आणि ती आपोआप तडकत. घोड्यांच्या मूत्रातून उठणारा अमोनिया त्याला कारणीभूत असल्याचा उलगडा १९२१ मध्ये झाला. आपल्या खोलीत काच पुसण्याचे अमोनियायुक्त द्रावण किंवा खताची पोती होती का, ते पाहावे. हायड्रोक्लोरिक ॲसिड असलेला शौचालय साफ करण्याचा द्रवही नळांशेजारी व स्टीलच्या सिंकशेजारी ठेवू नये. बाटलीचे झाकण बंद असले तरी वाफ निसटते, आणि स्टेनलेस स्टीलवर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडते.

प्रश्न : पाणी साठवून तापवणारा मोठा हीटर आडवा ठेवून नेला तर चालतो का?

उत्तर : उभाच न्यावा. टाकी आतून काचेच्या थराने मढवलेली असते, आणि आडव्या टाकीचे वजन कवच व जोडण्यांच्या टोकांवर येते. आधी सगळे पाणी काढून टाकावे. हीट पंप असलेला हीटर वाटेत आडवा झालाच, तर कॉम्प्रेसरमधले तेल जागेवर परत येईपर्यंत, उत्पादकाने सांगितलेला वेळ उभा ठेवून मगच तो सुरू करावा.

प्रश्न : लाकडी क्रेटमध्ये टब परदेशी पाठवायचा आहे. घरच्या फळ्यांचा क्रेट चालेल का?

उत्तर : बहुतेक देश आयएसपीएम १५ या नियमाप्रमाणे प्रक्रिया न केलेले लाकूड सीमेवर अडवतात. लाकडातून किडी परदेशात जाऊ नयेत म्हणून ते सहसा गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवलेले असावे लागते आणि त्यावर तशी शिक्क्याची खूण असावी लागते. प्लायवुड या नियमातून मोकळे आहे, म्हणून कडांना शिक्क्याच्या पट्ट्या आणि अंगाला प्लायवुड अशी रचना सोयीची पडते. समुद्रमार्गे जाणाऱ्या कंटेनरच्या छताला आतून दव धरते आणि ते मालावर ठिबकते, त्यामुळे क्रेटच्या वर उतरते झाकण आणि आत ओल शोषणाऱ्या पिशव्या असाव्यात.

प्रश्न : माल पोचल्यावर चालक घाई करतो आणि लगेच सही मागतो. नंतर तडा सापडला तर काय करावे?

उत्तर : सहीपूर्वीची दहा मिनिटे आपल्या हक्काची आहेत, ती सोडू नयेत. खोका उघडून निदान वस्तूची कडा, बुडाचे कोपरे आणि भोकांभोवतीची जागा पाहावी, आणि मातीचे भांडे वाजवून पाहतात तसे बोटाच्या पेराने चार-पाच ठिकाणी वाजवावे. शाबूत कमोड खणखणीत वाजतो. आत चीर असेल तर आवाज बद्द येतो आणि लगेच विरतो. वस्तू फोमवर मोकळी ठेवून ही परीक्षा करावी, हाताने दाबून धरलेली वस्तू शाबूत असली तरी बद्द वाजते. दोष दिसला तर पावतीवर काय दिसले आणि कुठे दिसले, हे स्पष्ट शब्दांत लिहूनच सही करावी. "तपासणीच्या अटीवर स्वीकारले" असा मोघम शेरा फारसा उपयोगी पडत नाही.

बाहेरून न दिसणाऱ्या नुकसानीची मुदत फार थोडी असते. सीएमआर या आंतरराष्ट्रीय रस्ते वाहतुकीच्या करारात ती सुट्या वगळून सात दिवसांची आहे, हेग-व्हिस्बी नियमांनुसार समुद्रमार्गे आलेल्या मालासाठी तीन दिवसांची, आणि मॉन्ट्रियल करारानुसार विमानाने आलेल्या मालासाठी चौदा दिवसांची. देशांतर्गत वाहतुकीची मुदत आपल्या पावतीच्या मागे छापलेल्या अटींत सापडेल. खोका, फोम आणि पॅलेट दावा निकालात निघेपर्यंत टाकून देऊ नये. वर सांगितलेल्या खिळ्याचे भोक त्या खोक्यानेच दाखवले होते.

प्रश्न : कमोडच्या बुडाला पडलेली बारीक चीर इपॉक्सीने भरून तो वापरता येईल का? पाणी गळत नाही.

उत्तर : टाकीच्या झाकणाची चीर असती तर मी हो म्हटले असते. बुडाला किंवा बसण्याच्या काठाला चीर असेल तर नाही. इपॉक्सीने पाणी थांबेल, चिरेचे पुढे सरकणे थांबणार नाही, आणि त्या भांड्यावर माणसाचे संपूर्ण वजन रोज टेकणार आहे. बसलेल्या माणसाखाली कमोड फुटला तर तुटलेल्या कडा सुरीसारख्या लागतात आणि जखमा मांडीच्या मोठ्या रक्तवाहिन्यांपर्यंत जातात. तो बदलावा. जुना काढताना जाड हातमोजे आणि चष्मा वापरावा, आधी पाणी बंद करून नळी निथळून घ्यावी, वर जुनी सतरंजी टाकून मगच तो हलवावा, आणि तुकडे पिशवीत न भरता पुठ्ठ्याच्या जाड खोक्यात भरून त्यावर "फुटलेली चिनी माती" असे मोठ्या अक्षरांत लिहावे, म्हणजे खोका उचलणाऱ्याचा हात कापणार नाही.